क्योटोत मुक्काम: कारासुमा सोयीचं, गिओन देखणं पण अवघड

क्योटोत हॉटेल शोधताना लोक नकाशावर आधी देवळं बघतात. बघायला हवेत ते मेट्रोचे मार्ग. ते दोनच आहेत: उत्तर-दक्षिण कारासुमा आणि पूर्व-पश्चिम तोझाई. जेआर (जपान रेल्वे) आणि खासगी रेल्वे सोडली तर उरलेला भार बसवर पडतो. मार्चअखेरीस साकुरा, म्हणजे चेरी, फुलतो किंवा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पानं लाल होतात, तेव्हा क्योटो स्टेशनवरून कियोमिझू देवळाकडे जाणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मोठी बॅग असेल तर विसराच.

म्हणून पहिली पसंती कारासुमा मार्गावरच्या शिजो ते कारासुमा-ओइके या स्टेशनांमधल्या पट्ट्याला. शिजोहून क्योटो स्टेशन दोन थांब्यांवर. शिजोलाच हांक्यू रेल्वे मिळते, ती ओसाकाच्या उमेदाला जाते, आणि वाटेत कात्सुराला गाडी बदलून आराशियामालाही पोचता येतं. किंकाकुजी या सोनेरी देवळासाठी स्टेशनवरून बस धरू नका. मेट्रोने किताओजीला जाऊन तिथून 204 किंवा 205 नंबरची बस घ्या, वेळ आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. निशिकी बाजार पायी अंतरावर. रात्री उशिरा जेवून परतणंही सोपं.

स्टेशनजवळचं हॉटेल एका रात्रीपुरतं किंवा नारा, हिमेजीच्या फेऱ्या जास्त असतील तर बरं. ‘स्टेशनजवळ’ म्हणजे नक्की कुठे, ते मात्र तपासा: हाचिजो, म्हणजे दक्षिण, बाजूची काही हॉटेलं बॅगा ओढत पंधरा मिनिटांवर निघतात.

गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीत संध्याकाळी फिरायला जावं. राहायला ते महाग, आणि अरुंद गल्ल्यांतून सामान नेणं त्रासाचं. त्यातल्या काही खासगी गल्ल्यांमध्ये पर्यटकांना आता बंदीच आहे.

माचिया, म्हणजे जुनं लाकडी घर, चार-पाच जणांना परवडतं. पण जिना कोकणातल्या घराच्या माळ्यावर चढावं इतका उभा. गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर खाली झोपायची खोली आहे का ते विचारा. भिंती पातळ असतात, हिवाळ्यात थंडी आत येते, आणि चावी घेण्याची जागा बऱ्याचदा घरापासून दूर असते.

र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सराईत, खरी मेख जेवणाची. रात्रीच्या कायसेकी, म्हणजे अनेक छोट्या पदार्थांच्या पारंपरिक, जेवणातल्या जवळपास प्रत्येक रश्शात सुकवलेल्या बोनितो माशाचा दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, असतो. ‘मांस-मासे नको’ एवढं सांगून तो जात नाही. दाशीसुद्धा नको, हे बुकिंगच्या वेळीच लेखी विचारा. पोचल्यावर सांगितलं तर स्वयंपाकघर काहीच करू शकत नाही. नकार आला तर ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवाय नुसता मुक्काम, असा दर घ्या आणि दुपारी तेन्‍र्‍यूजी या आराशियामाच्या देवळातल्या शिगेत्सू उपाहारगृहात शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण, जेवा: त्यात मांस, मासे, कांदा, लसूण नसतो. जैन मंडळींनी तरी जपून, कारण त्यात कंदमुळं भरपूर. तिळाचं गोमादोफूसुद्धा कुझूच्या मुळाच्या पिठीने घट्ट करतात. नान्झेनजी देवळाजवळचा युदोफू, म्हणजे गरम पाण्यातला टोफू, नुसता टोफू वाटतो, पण बरोबरच्या सॉसमध्ये बहुधा तोच दाशी असतो.

साध्या हॉटेलात ‘सेमी-डबल’ दिसलं की थांबा. पलंग साधारण 120 सेंमी रुंद, आणि दोन बॅगा एकदम उघडतील एवढी जमीन उरत नाही. दोघांसाठी ट्विन, म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची खोली, घ्या, खोली 18 चौरस मीटरच्या पुढची.

दर बघताना निवासकर धरा. तो खोलीवर नाही, माणशी रात्रीच्या दरावर ठरतो आणि अनेकदा काउंटरवर वेगळा भरावा लागतो. 1 मार्च 2026 पासून माणशी 6,000 येनपेक्षा कमी दराला 200 येन, 20,000च्या आत 400, 50,000च्या आत 1,000, एक लाखाच्या आत 4,000 आणि त्यापुढे 10,000. म्हणजे दोघांची खोली 24,000ची असेल तर माणशी 12,000 धरून रात्रीचे 800 येन वेगळे.

टोक्योहून येताना मोठ्या बॅगा ताक्क्यूबिन या कुरिअर सेवेने हॉटेलवर पाठवा. त्या साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, तेव्हा एका रात्रीचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.