गुलमर्गचा तीन दिवसांचा अ‍ॅव्हलांच कोर्स: खड्ड्याचे पैसे वसूल, बीकनचे नाही

फेब्रुवारीत केला हा कोर्स, हिमस्खलनाचा धोका ओळखायला आणि गाडलेल्याला शोधायला शिकवणारा. कोणाकडे ते लिहित नाही कारण पुढे थोडी बोंब मारलीये. मी पुण्याचा, पाच सीझन स्कीइंग केलंय पण सगळं तयार उतारांवर. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटला जवळपास ३९८० मीटरला सोडतो आणि तिथून आखलेली बाजू सोडली की सगळं मोकळं रान, २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटलाच दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, ते वाचल्यापासून ठरवलं होतं की शिकल्याशिवाय तिकडे फिरकायचं नाही.

पहिला दिवस वर्गात, हीटरशेजारी डुलक्या. स्लाइड्स घरी बसून वाचता आल्या असत्या. उतार मोजणं तेवढं कामाचं निघालं, बर्फाचा थर बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो आणि मी ज्याला छातीठोकपणे २८ म्हटलं तो मोजल्यावर ३५ भरला.

दुसऱ्या दिवशी खड्डा, म्हणजे बर्फात खणून त्याचे थर तपासायचे. बाकी सगळं माफ करावं असा दिवस! छातीएवढा खणला, भिंत साफ केली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत आलो, वर वाऱ्याने दाबलेला कडक थर आणि तळाशी बोट एकदम आत. तिथला बर्फ हातात घेतला तर मुठीत टिकेचना, चक्क साखर! डिसेंबरात पातळ बर्फ पडला, मग कोरडी कडाक्याची थंडी, जमीन शून्याच्या आसपास आणि वरची हवा त्याहून कितीतरी गार, मग आतली वाफ वर सरकत राहते आणि कण एकमेकांना धरायचंच सोडतात. मग थर किती सहज सुटतो ते बघायला ३० बाय ३० सेंमीचा खांब कापून वर फावडं ठेवलं आणि टपल्या, दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. आमचा तेराव्याला, म्हणजे कोपराच्या तिसऱ्याला, ड्रॉवर ओढल्यासारखा सटकन बाहेर आला. कोणी काही बोललंच नाही.

डीजीआरईचं, म्हणजे डीआरडीओच्या हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या संस्थेचं, बुलेटिन येतं पण ते जिल्ह्याप्रमाणे, अख्ख्या बारामुल्लाला धोक्याचा एक आकडा, समोरच्या घळीत काय चाललंय ते त्यात कुठून कळणार. मी विचारलं मग खड्डा चांगला निघाला तर जायचं का, तर गाइड म्हणाले, ‘सर, यहाँ का गड्ढा यहाँ की बात बताएगा, दस कदम आगे की नहीं.’ पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला तर खड्डाही खणायचा नाही, सरळ मागे फिरायचं, हेही त्यांनीच सांगितलं. माणूस एक नंबर.

तिसरा दिवस शोधकामाचा आणि इथे वैताग. सहा जणांत तीन बीकन (अंगावर बांधायचं, गाडलेल्याचा सिग्नल पकडून शोधायचं यंत्र), माझ्या वाट्याच्याची बॅटरी ४० टक्के आणि खणाचं झाकण सेलोटेपने चिकटवलेलं. गाडलेल्या माणसाकडे जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात हे तुम्हीच शिकवता आणि यंत्र हे देता? मी प्रश्न विचारला तर ‘प्रॅक्टिस ही तो है’. शिवाय खिशातला मोबाइल बीकनमध्ये गडबड करतो हे कोणी सांगितलंच नाही, शोधताना निदान अर्धा मीटर लांब ठेवा, मी दहा मिनिटं चुकीच्या दिशेला भटकत होतो.

साडेतीन स्टार. खड्ड्याचा दिवस वेगळा विकत मिळाला असता तर पाच दिले असते. जाणार असाल तर बीकन स्वतःचा न्या, नसेल तर निदान नव्या अल्कलाइन ट्रिपल ए बॅटऱ्या पुण्याहूनच घेऊन जा आणि गुलमर्गमध्ये भाड्याचा बीकन हातात पडला की दुकानातच चालू करून बघा.