नव्या चाकांचे नट आणि लॉक : आठ महिन्यांचा अनुभव
मे महिन्यात माझ्या होंडा अमेझला बाहेरची अलॉय चाकं बसवली. चाकं निवडण्यात महिना गेला, नटांचा विषय मात्र दुकानात निघाला. "जुनेच बसतात की हो," मेस्त्री म्हणाले. बसतही होते, कारण आटे तेच, १२ बाय १.५ (१२ मिलिमीटर व्यास, दर १.५ मिलिमीटरला एक आटा). पण मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. नटाचं तोंड बघितलं तर गोलाईचं, नव्या चाकाची बैठक, म्हणजे नट टेकतो ती जागा, ६० अंशांच्या कोनाची. होंडाचे मूळ नट गोल बैठकीचेच येतात. नट कुठं टेकतो ते दिसावं म्हणून घरी कारखान्यातला निळा रंग लावून एक नट हातानं आवळला आणि काढला, तर चाकात केसाएवढी निळी रेघ. सगळा भार त्या रेघेवर! असा नट घट्ट वाटतो, पण गाडी धावताना बैठक दबते आणि ताण उतरतो. कोनाचा नट लावून पाहिला, तेव्हा अख्खी बैठक निळी झाली. माझा निर्णय तिथंच झाला.

१२ नट आणि ४ लॉक (चोरी टाळायला खास चावीनंच सुटणारे नट) घेतले, एकसंध पोलादाचे. वरून पत्र्याची टोपी चढवलेले मुद्दाम टाळले. टोपीत पाणी शिरलं की ती फुगते आणि पाना बसत नाही. आपल्या बेळगावच्या पावसात हे व्हायला वेळ लागत नाही. आता दोन नटांची चकाकी गेली आहे, आटे मात्र स्वच्छ आहेत. आट्यांना तेल लावू नका. पाना तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवतो, पण स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बोल्ट, जास्त ताणला जातो. होंडाचा आकडा १०८ न्यूटन-मीटर, आवळायचं समोरासमोर. निपाणीला मावशीकडे पोचल्यावर, चाकं थंड झाल्यावर पुन्हा पाना लावला, तेव्हा दोन नट थोडे फिरले.

लॉकनं चाकं सांभाळली, पण जुलैत अडचणही केली. भाऊ गाडी घेऊन चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला निघाला आणि कणकुंबीजवळ पंक्चर झालं. लॉकची चावी घरच्या कपाटात! मी ती घेऊन पोचेपर्यंत बिचारा पावसात थांबला होता. माझीच चूक, त्याला सांगायला हवं होतं. पुढं एका दुकानात बॅलन्सिंग करताना लॉकवर हवेची गन चालवली आणि चावीची कड तडकली. डब्यात दुसरी चावी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून लॉक मी स्वतः हातपान्यानंच सोडतो. चावीच्या नंबराचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे, चावी जॅकच्या पिशवीत.

त्याच पिशवीत जुने चार गोल नटही बांधून ठेवलेत. स्टेपनी कंपनीचीच आहे, तिची बैठक गोल. तिला नवे नट चालत नाहीत.