कम्युनिटी कॉलेजात शिकवायचं, पाठ्यपुस्तक लिहायचं: एम.ए. पुरे की पीएच.डी. हवी?

समाजशास्त्रात किंवा मानसशास्त्रात एम.ए. करून अमेरिकेत आलेल्या मराठी मुलींचे मला वर्षातून चार-पाच तरी फोन येतात. कुणी नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेली असते, कुणाच्या हातात नुकतंच ग्रीन कार्ड पडलेलं असतं. प्रश्न एकच असतो. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे हायस्कूलनंतरची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात, शिकवायचंय, पुढेमागे आपल्या विषयाचं पाठ्यपुस्तकही लिहायचंय, तर आहे त्या एम.ए.वर सुरुवात करू की आधी पीएच.डी.ला बसू? मी स्वतः एम.ए.वर ह्यूस्टनच्या परिसरात समाजशास्त्र शिकवते, आणि आमच्याकडची दोन माणसं पीएच.डी. करून याच कामात आलेली आहेत. दोन्ही वाटा रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी, ज्यांनी पुस्तकं लिहिली ते लोक कुठून आले ते बघू. मानसशास्त्राचं उदाहरण घ्या. कॅथलीन स्टासेन बर्गर यांचं मानवी विकासावरचं पाठ्यपुस्तक अमेरिकेतल्या असंख्य वर्गांत लागलेलं आहे. त्या शिकवत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजात. सुरुवातीचं शिक्षण स्टॅनफर्ड आणि रॅडक्लिफमध्ये, मग हार्वर्डमधून अध्यापनाची पदव्युत्तर पदवी, आणि पीएच.डी. येशिवा विद्यापीठाची. डेनिस कून यांचं मानसशास्त्राची ओळख करून देणारं पुस्तकही असंच आवृत्त्यांमागून आवृत्त्या चाललं. त्यांची पीएच.डी. अ‍ॅरिझोना विद्यापीठाची, आणि शिकवण्याची वीसहून अधिक वर्षं सांता बार्बरा सिटी कॉलेजात. मोठ्या व्यापारी प्रकाशकाकडे वर्षानुवर्षं टिकलेली ही दोन नावं, आणि दोघांच्याही नावामागे डॉक्टरेट.

एवढंच पाहिलं तर कुणीही म्हणेल, पीएच.डी.शिवाय गत्यंतर नाही. पण मुक्त पाठ्यपुस्तकांकडे वळलात की चित्र बदलतं. ही पुस्तकं विद्यार्थ्याला ऑनलाइन फुकट मिळतात आणि शिक्षकाला आपल्या वर्गापुरती त्यांत भरही घालता येते. कम्युनिटी कॉलेजांतल्या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकांची एक संघटना अमेरिकन अँथ्रोपोलॉजिकल असोसिएशनमध्ये आहे. तिने २०१९ मध्ये ‘एक्सप्लोरेशन्स’ हे जैविक मानववंशशास्त्राचं मुक्त पाठ्यपुस्तक काढलं. त्याच्या चार संपादकांपैकी तिघी कम्युनिटी कॉलेजातल्या. मिनेसोटाच्या इन्व्हर हिल्स कॉलेजातल्या केटी नेल्सन यांची पीएच.डी. मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या संशोधन संस्थेची. कॅलिफोर्नियाच्या ग्रॉसमाँट कॉलेजातल्या लारा ब्रॅफ यांची शिकागो विद्यापीठाची, तीही मानववंशशास्त्र विभागातली नव्हे, तर मानवी विकासाचा तुलनात्मक अभ्यास करणाऱ्या विभागातली. आणि हवाईच्या लीवर्ड कम्युनिटी कॉलेजातल्या केल्सी अगिलेरा हवाई विद्यापीठाच्या एम.ए. आहेत. एकाच पुस्तकाच्या संपादक मंडळात परदेशी डॉक्टरेट, शेजारच्या विषयातली डॉक्टरेट आणि साधी एम.ए. मला फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी या पुस्तकाचं संपादकांचं पान पाठवते.

म्हणून ‘एम.ए. की पीएच.डी.’ असं विचारण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करा: नोकरी मिळवण्यासाठी काय लागतं आणि पुस्तकासाठी काय लागतं. आपल्याकडे कॉलेजात कायम जागा हवी तर नेट-सेट किंवा पीएच.डी., हे इतकं डोक्यात बसलेलं असतं की इथले नियम कुणी उघडूनही बघत नाही. नियम राज्याराज्याला वेगळे आहेत, आणि माझ्या मते सगळा निर्णय याच मुद्द्यावर फिरतो.

कॅलिफोर्नियात राज्यभरच्या कम्युनिटी कॉलेजांसाठी किमान पात्रतेची एकच यादी असते. समाजशास्त्र शिकवायला समाजशास्त्राची मास्टर्स पुरते. ती नसेल आणि बी.ए. समाजशास्त्रात असेल, तर मानववंशशास्त्र, सोशल वर्क किंवा मानसशास्त्रातली मास्टर्सही चालते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पुण्यात समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलेली आणि पुढे कर्वे समाजसेवा संस्थेतून एम.एस.डब्ल्यू. झालेली मुलगी, पदव्यांची समकक्षता मान्य झाली की, कॅलिफोर्नियात समाजशास्त्र शिकवायला पात्र ठरू शकते. पीएच.डी.चा उल्लेखही नाही.

तीच मुलगी टेक्सासला आली की अडते. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा अशा दक्षिणेकडच्या राज्यांतल्या बहुतेक कॉलेजांना मान्यता देणारी संस्था वेगळी. तिच्या मार्गदर्शक निकषांप्रमाणे विषयातली मास्टर्स हवी, किंवा दुसऱ्या कुठल्या विषयातली मास्टर्स आणि शिकवायच्या विषयातले किमान १८ पदव्युत्तर क्रेडिट. म्हणजे तीन क्रेडिटचे सहा कोर्स. एम.एस.डब्ल्यू.च्या गुणपत्रिकेत समाजशास्त्राचे म्हणून सहा पेपर दाखवता येत नाहीत, आणि तिथे अर्ज थांबतो. अशा वेळी पीएच.डी.चा विचार करू नका. एखाद्या सरकारी विद्यापीठातून हे सहा कोर्स ऑनलाइन करा. नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षांत होतात.

दोन्हीकडे भारतातल्या पदव्यांचं कोर्सनिहाय मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्यासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रिका सीलबंद पाकिटात किंवा थेट ऑनलाइन यावी लागते. भारतात असतानाच हे मार्गी लावून ठेवा; इथून फोनाफोनी करताना फार दमायला होतं.

आता पीएच.डी.च्या बाजूने जे खरं आहे ते सांगते. सामाजिक शास्त्रांत सहा ते आठ वर्षं जातात. पण चांगल्या विभागात फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं. एम.ए.चा खर्च मात्र बहुतेकदा स्वतःच्या खिशातून होतो. पैशाच्या हिशेबात पीएच.डी.च महाग, असं सरसकट म्हणता येत नाही. अनेक कॉलेजांच्या पगाराच्या तक्त्यात डॉक्टरेटचा वेगळा, वरचा रकाना असतो. आणि पूर्ण वेळ जागेसाठी शंभरावर अर्ज आले की किमान पात्रतेची यादी बाजूलाच राहते. मी एका कॉलेजात तिसऱ्या फेरीपर्यंत गेले, नमुना तास घेतला, तो रंगलाही. जागा डॉक्टरेट असलेल्या उमेदवाराला गेली. पुढची चार वर्षं मी दोन कॉलेजांत तासिकांवर काढली. सकाळचा वर्ग एका गावात, दुपारचा चाळीस मैलांवर, जेवण गाडीत. या देशातल्या कम्युनिटी कॉलेजांत शिकवणारे निम्म्याहून बरेच जास्त लोक असे तासिका तत्त्वावरच आहेत. त्यांना अ‍ॅडजंक्ट म्हणतात. एम.ए.वर उतरायचं असेल तर ही वर्षं धरूनच चाला.

पूर्ण वेळ जागा मिळाली तरी सेमिस्टरला पाच वर्ग असतात. पीएच.डी.त अंगी मुरलेलं संशोधन करायला वेळ उरत नाही आणि कॉलेजही ते मागत नाही. आमच्याकडच्या एका डॉक्टरेटवाल्या सहकाऱ्याला याचा फार त्रास झाला. ज्याला प्रबंधाचाच विषय आयुष्यभर पुढे न्यायचा आहे, त्याने कम्युनिटी कॉलेजात येऊ नये, असं मी स्पष्टच सांगते.

पण पाठ्यपुस्तक वेगळी गोष्ट आहे. मोठ्या संशोधन विद्यापीठात पाठ्यपुस्तकाला बढतीच्या हिशेबात फारसं वजन नसतं, तिथे शोधनिबंध मोजतात. आमच्याकडे ते वर्गातल्या कामाचाच भाग मानलं जातं. आणि वर्ग काय शिकवतो ते एका उदाहरणाने सांगते. सामाजिक संकेत समजावताना आमच्या जुन्या पुस्तकात हॉस्टेलच्या खोलीचं उदाहरण होतं: रूममेटने न विचारता तुमचं जेवण खाल्लं तर काय? आमच्या कॉलेजला हॉस्टेलच नाही. माझ्यासमोर रात्रपाळी करून आलेला गोदामातला कामगार, दोन मुलांची आई, नुकताच हायस्कूल संपवलेला मुलगा असे सगळे एका रांगेत बसलेले असतात. मी तो परिच्छेद काढला आणि गोदामातल्या अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुट्टीवर लिहिला: मायक्रोवेव्हची रांग कोण मोडतं, कोणाला मोडू दिली जाते, नवीन माणसाला हे कोण आणि कसं शिकवतं. तीन सेमिस्टर तो परिच्छेद बदलत होते. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, “मॅम, हे आमच्या सुपरवायझरला वाचायला द्या.” तेव्हा समजलं की आता जमलं. पीएच.डी.ने मला सिद्धान्त आणखी खोलवर दिला असता, हे मी मनापासून मान्य करते. काही प्रकरणांत तो कमी पडतो म्हणून मी आजही सहकाऱ्यांकडून मजकूर तपासून घेते. पण तो परिच्छेद मला वर्गाने दिला.

समाजशास्त्राच्या वाचकांसाठी आणखी एक उदाहरण आमच्याच शहरातलं. राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम २०१२ पासून फुकट पाठ्यपुस्तकं काढतो. त्यांच्या समाजशास्त्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीचे प्रमुख लेखक कम्युनिटी कॉलेजांतले आहेत. त्यांतल्या टोन्या कॉनर्ली ह्यूस्टनजवळच्या सॅन जसिंटो कॉलेजच्या. विद्यापीठाने पुस्तक काढायचं ठरवलं आणि लेखक शोधायला कम्युनिटी कॉलेजांत आलं.

व्यापारी प्रकाशकाचा करार हवा असेल तर डॉक्टरेट नक्की हात देते. प्रकाशकाला पुस्तक देशभरच्या विभागांना विकायचं असतं आणि लेखकाची ओळख त्या विक्रीत मोजली जाते. रॉयल्टी साधारण दहा ते पंधरा टक्के, आणि पहिल्याच पुस्तकाला असा करार क्वचित मिळतो. मुक्त पुस्तकांत रॉयल्टी नाही, पण लिहिण्यासाठी अनुदान किंवा एखाद्या वर्गातून सूट मिळू शकते. कॅलिफोर्नियाने तर २०२१ मध्ये, पाठ्यपुस्तकांचा खर्च शून्य असलेले पदवीक्रम उभे करण्यासाठी कम्युनिटी कॉलेजांना ११.५ कोटी डॉलर मंजूर केले. एम.ए.वाल्याला आज दार उघडं आहे ते इथे.

मग माझा सल्ला. हातात समाजशास्त्राची किंवा मानसशास्त्राची एम.ए. असेल, कामाचा परवाना असेल आणि वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर पीएच.डी.साठी थांबू नका. एक वर्ग घ्या आणि मुक्त पाठ्यपुस्तकांच्या समीक्षकांत नाव नोंदवा. वय पंचविशीचं असेल, विद्यावेतन मिळत असेल आणि एखादा प्रश्न खरोखर छळत असेल, तर पीएच.डी. करा. मात्र त्या काळात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखादी सेमिस्टर शिकवून बघा. विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी घ्या. आणि समाजशास्त्राच्या एम.ए.नंतर व्हिसावर कामाची मुभा बारा महिन्यांचीच असते, इंजिनिअरांसारखी तीन वर्षांची नाही. नुसती शिकवायची आस धरून फी भरून एम.ए.ला येणाऱ्यांनी हा हिशेब तिकीट काढण्याआधी मांडावा.

मला फोन करायचा असेल तर तुमची बी.ए. आणि एम.ए.ची गुणपत्रिका समोर घेऊन बसा. पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे: विषयाचे पेपर किती आणि कुठल्या राज्यात राहता.