निळा धूर, बनावट बोअर आणि ११,४४० रुपये

एटीव्हीच्या (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाडीच्या) इंजिनाचे बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडरचे झिजलेले भोक (बोअर) कापून एकसारखे मोठे करून, त्या मापाचा पिस्टन बसवून देतो असे सांगून एका गृहस्थाने माझ्याकडून १०,६०० रुपये घेतले, माझाच झिजलेला ब्लॉक (सिलिंडरचा भाग) घासूनपुसून परत पाठवला, त्यासोबत मूळ मापाचाच पिस्टन दिला आणि त्या पिस्टनच्या माथ्यावर हातपंचाने ‘०.५०’ असा जादा मापाचा (मिलिमीटरमधला) आकडा ठोकला. कुरिअरचे ८४० रुपये धरता माझे एकूण ११,४४० रुपये गेले. आधी मोफत सल्ला, मग व्हिडिओ, मग ॲडव्हान्स आणि मग ‘अजून एक काम निघाले आहे’, ही साखळी वाचकांच्या परिचयाची आहे, त्यामुळे ती उगाळत बसत नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि जे घरी इंजिन खोलण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आमची उत्तर कोकणात नारळ-सुपारीची वाडी आहे. खत, नारळ आणि झावळ्या ओढण्यासाठी १२५ सीसीची, हवेवर थंड होणारी, कार्ब्युरेटरची, चिनी बनावटीचे इंजिन असलेली जुनी एटीव्ही मी घेतली होती. समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारण्यासाठी ती कधीही दिलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पोलिसांनाही सर्वांत आधी तेच विचारावेसे वाटले.

गाडी धूर मारू लागली तेव्हा मी अंदाजाने काहीही केले नाही. धूर काळा असता तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर पाहिला असता. पांढरा आणि फक्त सकाळचा असता तर सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी म्हणून सोडून दिला असता. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात सतत पांढरा धूर येत असेल तर हेड गॅस्केटची (हेड म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, त्याखालच्या पॅकिंगची) शंका घ्यावी लागते, पण माझ्या इंजिनात पाणीच नाही. माझ्या गाडीचा धूर निळा होता, म्हणजे ऑइल जळत होते. ऑइलची पातळी जास्त झालेली नव्हती, ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळीही तुंबलेली नव्हती. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना एकच भपकारा येतो आणि थांबतो तेव्हा व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्यावा. चढावर भार ओढताना धूर वाढत जातो तेव्हा रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि बोअर पाहावेत. माझी गाडी भरलेली ट्रॉली घेऊन वाडीतून रस्त्यावर चढताना मागचे काही दिसू देत नव्हती. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे) लावल्यावर कोरडे, म्हणजे ऑइल न घालता, ८५ पीएसआय (दाबाचे एकक) आले. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहिले तेव्हा १३० आले. ऑइल घातल्यावर आकडा चढतो याचा अर्थ गळती मुख्यतः रिंगांतून होते आहे. ब्लॉक उतरवून रिंग बोअरमध्ये सरळ बसवली आणि तिच्या तोंडातील फट फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजली, तर ५२.४ मिलिमीटरच्या बोअरला जिथे सुमारे ०.२० असायला हवी तिथे ०.८० निघाली. एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, ‘इंजिनातले काही कळत नसताना कशाला उघडायला गेलात?’ हे वाक्य मला या प्रकरणात वारंवार ऐकावे लागले आहे. निदान माझे बरोबर होते आणि ते आजही बरोबर आहे.

ब्लॉक ०.५० मिलिमीटरने बोअर करणे आणि त्या मापाचा पिस्टन घालणे हे काम उरले. तालुक्याच्या लेथवाल्याने बोअरिंगची तयारी दाखवली, पण ‘आधी पिस्टन आणा, पिस्टन हातात आल्याशिवाय मी कटर लावत नाही’ असे त्याने बजावले. (बोअर नेहमी हातातल्या पिस्टनच्या मापाने करतात, याच्या उलट सांगणाऱ्याच्या दुकानातून तेव्हाच उठावे.) या चिनी इंजिनाचा जादा मापाचा पिस्टन जवळपास कुठेही मिळेना. तेव्हा एटीव्ही दुरुस्तीचे व्हिडिओ टाकणारे पुण्याकडचे हे गृहस्थ सापडले. पिस्टन आणि बोअरिंग एकाच छताखाली होते आणि दर बाजारापेक्षा फार कमीही नव्हते: बोअरिंग व होनिंग (बोअरची आतली बाजू घासून नीट करणे) १,८००, पिस्टन-रिंग किट ३,४५०, गॅस्केट संच व सील १,१५०. स्वस्ताईच्या मोहाने मी फसलो असे कोणी म्हणत असेल, तर त्याने हे आकडे पुन्हा वाचावेत. मी ६,००० रुपये ॲडव्हान्स यूपीआयने पाठवले आणि ३९० रुपये भरून ब्लॉक कुरिअर केला.

आता ज्या क्षणाची आठवण झाली की अजूनही अंगाचा तिळपापड होतो, तो क्षण सांगतो. माझ्या ब्लॉकच्या वरून तिसऱ्या फिनचा (हवेने थंड होण्यासाठीच्या पात्याचा) कोपरा तुटलेला आहे. आधीच्या मालकाकडे असताना गाडी दगडावर आदळली होती. ‘तुमचे काम चालू आहे’ म्हणून जो व्हिडिओ आला, त्यात बोअर गेजची सुई फिरत होती, आवाजात आत्मविश्वास होता, आकडे अचूक वाचले जात होते, आणि ब्लॉकच्या सगळ्या फिना शाबूत होत्या. मी व्हिडिओ थांबवून, मोठा करून पाहिला. मी विचारलेही. ‘काका, अँगल वेगळा आहे, ती बाजू खाली गेली आहे,’ असे उत्तर आले. त्याच वेळी, ‘ब्लॉक फिरवून दुसऱ्या बाजूने दाखवा’ हे एक वाक्य लिहिले असते तर माझे किमान ४,६०० रुपये वाचले असते. मी ते लिहिले नाही, कारण समोरचा माणूस गेज नीट हाताळत होता आणि ज्याला गेज हाताळता येते तो दुसऱ्याचाच ब्लॉक का मोजेल, असे मला वाटले. तसे ते कोणालाही वाटले असते. आपल्या सुट्या भागांवर पंचने आपली खूण करून मगच ते बाहेर पाठवा, आणि व्हिडिओत ती खूण दिसली नाही तर पुढचा पैसा देऊ नका.

त्यानंतर ‘अजून एक काम’ निघाले. नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन वाढले की जुन्या ढिल्या गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून) ऑइल खेचले जाते, म्हणून हेडही पाठवा, असे त्याने सांगितले. हे तर्काला धरून आहे. चांगले मिस्त्रीही असे सांगतात. माझ्या स्वतःच्या चाचणीने मुख्य दोष रिंगांचा ठरवला असूनही मी गाइड, व्हॉल्व्ह आणि सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा कापून नीट करणे) मिळून ४,२०० रुपयांना होकार दिला, तो या तर्कामुळे.

पार्सल आले तेव्हा परतीचे ४५० रुपये मीच भरले. बोअरमध्ये होनिंगच्या तिरक्या आडव्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. रिंगा पिस्टनवर चढवूनच दिल्या होत्या आणि सोबत चिठ्ठी होती: ‘रिंगा काढू नये, तुटतील, गॅरंटी राहणार नाही.’ बिडाच्या रिंगा उघडताना तुटतात हे खरेच आहे, त्यामुळे मी त्या काढून फट मोजली नाही. सोबत ‘रनिंगसाठी’ (नवे भाग नीट बसेपर्यंतच्या काळासाठी) एक दाट द्रवाची बाटली फुकट होती. मी टायमिंगची खूण जुळवली, पिस्टनची ‘आयएन’ खूण इनटेककडे ठेवली, हेडचे नट तिरके तिरके, टप्प्याटप्प्याने आवळले, आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. धूर नव्हता. त्याने उरलेले पैसे मागितले आणि मी ४,६०० रुपये पाठवले.

धूर नव्हता तो त्या बाटलीमुळे. दाट पदार्थाने ऑइल जाड होते आणि झिजलेल्या बोअरची गळती काही काळ झाकली जाते. नव्या रिंगांना बोअरवर बसण्यासाठी साधे, ठरलेल्या ग्रेडचे ऑइल लागते. रनिंगच्या काळात असली बाटली घालायला सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा लबाड, आणि हा अडाणी नव्हता. पहिले ऑइल बदलले आणि चढावर तोच निळा पडदा पुन्हा उभा राहिला.

मी इंजिन पुन्हा उघडले आणि तालुक्याच्या त्याच लेथवाल्याकडून मापे घेतली. बोअर वरच्या बाजूला ५२.५६ आणि तळाशी ५२.४४ भरला. नुकताच बोअर केलेला ब्लॉक वर रुंद आणि खाली अरुंद असूच शकत नाही, ०.५० ने बोअर केला असता तर तो वरपासून खालपर्यंत ५२.९० च्या आसपास असता. पिस्टन स्कर्टवर (खालच्या भागावर) ५२.३७ भरला, म्हणजे मूळ मापाचा. वरच्या बाजूला सैलपणा ०.१९ मिलिमीटर होता, जिथे तो ०.०३-०.०४ च्या पुढे जायला नको. हेडच्या पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाहिले, तर ते व्हॉल्व्हच्या कडेने लगेच पाझरले. सीट कटिंग झालेच नव्हते, व्हॉल्व्ह फक्त तारेच्या ब्रशने चकचकीत केले होते. ही पेट्रोलची चाचणी करायला कोणतेही यंत्र लागत नाही. हेड हातात आल्याबरोबर ती करा, मोकळ्या हवेत, जवळपास आग नसताना.

फोनवर गृहस्थ म्हणाले, ‘तुम्ही बांधताना चूक केली असेल.’ मापे पाठवल्यावर त्यांनी मला ब्लॉक केले.

यानंतरचा भाग मला अधिक संतापजनक वाटतो. १९३० या सायबर हेल्पलाइनवर उत्तर मिळाले की, माल तुमच्यापर्यंत पोहोचला आहे, त्यामुळे ही आर्थिक सायबर फसवणूक होत नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवले आहेत. पोलीस ठाण्यात हवालदार साहेबांनी माझे सगळे ऐकून घेतल्यावर ‘आरसी आणा’ असे सांगितले. एटीव्ही सहसा रस्त्यावरचे वाहन म्हणून नोंदलेली नसते, तिला आरसी कुठून असणार, असे मी विचारले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला: ‘म्हणजे बिननोंदणीची गाडी चालवता? बीचवर चालवता ना?’ तक्रारदार म्हणून आत गेलेला माणूस आरोपीसारखा खुलासे देत बसला. ही दिवाणी बाब आहे, दुकान तिकडचे आहे, तिकडे जा, असे दोन्ही एकदमच सांगण्यात आले. दिवाणी बाब असेल तर तिकडच्या ठाण्यात तरी मी कशाला जायचे, हे कोणी सांगितले नाही. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, आणि गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर नोंदवून घ्यावी असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. मी हे छापून नेले होते. तो कागद माझ्यासमोर उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवण्यात आला. शेवटी मी तक्रारीचा अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवला. त्याच कलमात ती सोय आहे. पोच मात्र जपून ठेवा, कारण पोचेशिवाय तुम्ही तिथे गेलाच नव्हता असे समजले जाते.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि काही काळाने ‘जिल्हा आयोगाकडे जावे’ असा शेरा मारून तक्रार बंद केली. हे सरळ पहिल्या दिवशी सांगता आले असते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत 2 वर्षांची आहे. तिथेही खिडकीवर पहिला प्रश्न गाडी धंद्यासाठी होती का, हाच आला. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्यात व्यापारी वापर ठरत नाही, हे मला तिथल्या कर्मचाऱ्याला वाचून दाखवावे लागले. पक्के बिल नाही, जीएसटी क्रमांक नाही, पार्सलवर पत्त्याच्या जागी फक्त मोबाइल क्रमांक आहे. जो माणूस पत्ता देत नाही त्याला नोटीस कशी पोहोचणार, याचे उत्तर मीच शोधायचे आहे. लेथवाल्याने मापे तोंडी सांगितली, पण लिहून द्यायला नकार दिला: ‘दादा, मला तारखांना बोलावतील.’ त्याला मी दोष देत नाही. अखेर मापे घेतानाचे व्हिडिओ मी जोडले, त्यात तुटलेला फिन आणि गेजचा आकडा एकाच चौकटीत दिसतो.

तक्रार दाखल झाली आहे. ब्लॉक, पिस्टन आणि हेड पुरावा असल्यामुळे मला त्यांना हात लावता येत नाही, म्हणून इंजिन उघडेच पडून आहे आणि वाडीतला माल भाड्याच्या टेम्पोने जातो. टेम्पोवाला खेपेला ३५० रुपये घेतो आणि ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.