जर्मनीच्या फायलीत गेलेले साडेसात लाख

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या घरातून मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत साडेसात लाख रुपये गेले. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, त्याला जर्मनीत मास्टर्स करायचं होतं. पैसे घेणारा, परदेशी प्रवेशाची कामं करून देणारा एजंट कुणी परका नव्हता. तालुक्याच्या गावात बोर्ड लावून बसलेला, मालवणीत बोलणारा, आदल्या गणपतीत घरी आरतीला येऊन गेलेला. ‘काका, तुमी टेन्शन घेव नकात, झील जर्मनीक गेलो समजा,’ हे त्याचं वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. तक्रार दाखल आहे म्हणून नावगाव लिहीत नाही. पैसे कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या नावाखाली गेले ते मात्र आकड्यांसकट लिहितो, कारण हीच फाइल दुसऱ्या घरात उघडायला वेळ लागत नाही.

मार्चमध्ये ‘फाइल ओपनिंग’ म्हणून 45,000 रुपये घेतले. एप्रिलमध्ये एपीएस प्रमाणपत्राचे 35,000. जूनमध्ये आंब्याचा हिशेब झाल्यावर ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे व्हिसासाठी खर्चाची रक्कम अडकवून ठेवायच्या खात्यासाठी, 4,60,000. ऑगस्टमध्ये ‘सीट कन्फर्मेशन’चे 2,10,000. नोव्हेंबरमध्ये व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं, तेव्हा कळलं की या साऱ्यात खरा कागद एकच होता.

तो एपीएसचा. भारतातून जर्मनीत बॅचलर किंवा मास्टर्सला जाणाऱ्याला नोव्हेंबर 2022 पासून हे प्रमाणपत्र लागतं. आपल्या मार्कशीट आणि पदवी खऱ्या आहेत की नाहीत ते त्यात तपासलं जातं. त्याची फी 18,000 रुपये, आणि अर्ज विद्यार्थी स्वतः ऑनलाइन भरू शकतो. एजंटने तो भरला, प्रमाणपत्र आलं, वरचे 17,000 त्याच्याकडे राहिले. घरच्यांना एवढंच दिसलं की माणसाने सांगितलेलं काम करून दाखवलं. पुढचे दोन्ही मोठे हप्ते या एका खऱ्या कागदाच्या भरवशावर दिले गेले.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांत झाली, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अर्जासाठी नवीन ईमेल एजंटने स्वतः उघडला, मुलाच्या नावाने, पण पासवर्ड आणि पडताळणीचा फोन नंबर स्वतःचा ठेवून. ‘मेल आमच्याकडे येऊ देत, डेडलाइन चुकायला नको,’ असं सांगितलं. त्यानंतर जर्मनीतून काय येतं, काय येत नाही, हे मुलाला एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवील तेवढंच कळत होतं. आमच्या मते फसवणूक खरी इथेच झाली, पैसे नंतर गेले. युनि-असिस्ट या विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या जर्मन सेवेचं खातं, विद्यापीठाच्या पोर्टलचं खातं, ब्लॉक्ड अकाउंटचं खातं, तिन्ही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या रोजच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर असायला हवीत. एजंटला फॉर्म भरायला मदत करायची असेल तर शेजारी बसून करावी.

आता ब्लॉक्ड अकाउंट. कोकणातली घरं नेमकी इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर.

जर्मनीत विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षाचा खर्च भागेल याचा पुरावा व्हिसाला द्यावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे, म्हणजे महिन्याला 992. युरो शंभर रुपये धरला तर जवळजवळ बारा लाख. या घरी कलमं दीडशे, पण सातबारा सामाईक. त्यावर अकरा नावं, त्यातले चार चाकरमानी मुंबईत, एक काका वारलेले आणि त्यांची वारस नोंद व्हायची बाकी. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँका बहुधा तारण मागतात, आणि वाटप न झालेली जमीन तारण म्हणून बँक घेत नाही. जमीन आहे, पण कागदावर ती एकट्याची नाही. एजंटला हे सगळं माहीत होतं. तो म्हणाला, बारा लाख भरायची गरजच नाही; कंपनी तुमच्या नावाने रक्कम ब्लॉक करील, तुम्ही मार्जिन आणि सहा महिन्यांचं व्याज तेवढं द्या. ते मार्जिन म्हणजे 4,60,000. त्यासाठी वडिलांनी कलमं तीन हंगामांसाठी खंडाने दिली आणि रक्कम आगाऊ उचलली.

हे खातं चालतं कसं ते माहीत असतं, तर हा प्रस्ताव तिथेच कोसळला असता. खातं विद्यार्थ्याच्या पासपोर्टवर, त्याच्याच नावाने, घरबसल्या ऑनलाइन उघडतं. फिन्टिबा, एक्सपॅट्रिओ अशा सेवा त्यासाठी आहेत. पैसे आपल्या बँकेतून फॉर्म ए2 भरून परदेशी पाठवायचे. शिक्षणासाठीच्या प्रवासखर्चाचा परपज कोड एस0305. बँक स्विफ्ट व्यवहाराची, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याच्या नोंदीची, प्रत देते, ती जपून ठेवायची. रक्कम पोचली की सेवा देणारी कंपनी पुष्टीपत्र पाठवते, तेच व्हिसाला जोडतात. जर्मनीत पोचून तिथलं चालू खातं उघडलं की त्यात दर महिन्याला 992 युरो सुटतात, विद्यार्थ्याच्या हातात. म्हणजे त्या खात्यात दुसऱ्या कुणी बारा लाख टाकले, तर ते त्याने तुमच्या मुलाला दिले असाच अर्थ होतो. असा माणूस तालुक्याच्या गावात गाळा भाड्याने घेऊन बसत नाही.

मुलाला मिळालं ते पुष्टीपत्र दिसायला अस्सल होतं. लोगो, सही, मुलाचं नाव, सगळं जागच्या जागी. खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मात्र चुकीचा. जर्मन आयबॅनमध्ये ‘डीई’ ही दोन अक्षरं आणि पुढे 20 अंक असतात, एकूण 22. या पत्रात अंक 18 होते. वकिलातीला तर आयबॅन मोजायचीही गरज पडत नाही; पुष्टीपत्राचा संदर्भ क्रमांक सेवा देणाऱ्या कंपनीकडे विचारला की झालं. विद्यार्थ्यालाही ते पाच मिनिटांत करता येतं. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून ग्राहकसेवेचा पत्ता घ्यायचा, स्वतःच्या ईमेलवरून संदर्भ क्रमांक पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत एक रुपयाही पुढे द्यायचा नाही.

ॲडमिशनचं पत्र त्याहून कच्चं होतं, पण घरात ते वाचता येणारं कुणी नव्हतं. हिवाळी सत्रासाठी बऱ्याच अभ्यासक्रमांची अंतिम तारीख 15 जुलै असते, काहींची त्याच्याही कितीतरी आधी. एजंटने मुलाचं हेतुपत्र 2 ऑगस्टला सही करून घेतलं आणि 11 ऑगस्टला प्रवेशपत्र हातात ठेवलं. युनि-असिस्टला नुसती कागदपत्रं तपासायलाच काही आठवडे लागतात. तारीख उलटल्यावर अर्ज आणि नऊ दिवसांत प्रवेश, हे कुठल्याच सरकारी विद्यापीठात घडत नाही. दुसरी खूण पैशाची. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणीची फी घेत नाहीत. सत्राचं योगदान असतं, साधारण 100 ते 350 युरो, आणि ते प्रवेश मिळाल्यावर नाव नोंदवताना थेट विद्यापीठाच्या खात्यात जातं. ‘सीट कन्फर्मेशन’ म्हणून 2,10,000 रुपये एजंटच्या चालू खात्यात मागणारं सरकारी विद्यापीठ नाही.

अपवाद आहेत, ते माहीत हवेत, नाहीतर एजंट त्यांचाच आधार घेतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1,500 युरो फी आहे. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता फी घेतं. याच बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच्या बातम्यांची कात्रणं या एजंटच्या भिंतीवर होती आणि तो ‘शासनाचा कोटा’ म्हणत असे. करार कामगारांसाठी आहे. विद्यापीठाच्या जागांचा कोटा त्यातून मिळत नाही.

खोटा कागद न देताही नाडता येतं. खासगी संस्था एजंटला दर विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, सरकारी विद्यापीठं देत नाहीत. त्यामुळे ‘सरकारी सीट भरल्या’ हे वाक्य ऐकलं की आधी हॉखशूलकोम्पास या जर्मन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर किंवा डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या सूचीत अभ्यासक्रम आणि त्याची अंतिम तारीख स्वतः पाहावी. खासगी संस्था सुचवली असेल तर अनाबिन या जर्मन यादीत तिच्यापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असं आहे का ते बघावं, आणि व्हिसा नाकारला तर फीतले किती परत मिळतात हे कलम पैसे भरण्याआधी वाचावं. चांगल्या खासगी संस्थाही आहेत. पण वर्षाला दहा लाखांच्या घरात फी देताना ती निवड आपली असावी, कमिशनची नसावी.

खरा खर्च किती येतो? एपीएस 18,000. युनि-असिस्टमार्फत पाच अर्ज: पहिला 75 युरो, पुढचे चार प्रत्येकी 30, म्हणजे 195 युरो, साधारण 19,500 रुपये. व्हिसा फी 75 युरो, साधारण 7,500. बेरीज 45,000. भाषेची परीक्षा, विमा आणि तिकीट सोडलं तर एजंटने पहिल्याच दिवशी ‘फाइल ओपनिंग’ला जेवढे घेतले, तेवढ्यात सगळी फाइल होते. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तर खर्चच नव्हेत. ते मुलाचे, आणि व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र दाखवून परत येतात.

वाशीच्या दलालाची पट्टी आली की इथला बागायतदार हमाली, तोलाई, भाडं, ओळ न् ओळ वाचतो, पेटीमागे दहा रुपये जास्त कापले तर फोन करतो. त्याच घरात एजंटच्या चारही पावत्यांवर एकच ओळ होती: ‘सल्ला शुल्क, परतावा नाही.’ ही ओळ नुसती निष्काळजीपणाची नव्हे, तिच्यामागे डोकं आहे. पैसे एपीएससाठी घेतले, ब्लॉक्ड अकाउंटसाठी घेतले की सल्ल्यासाठी, हे पावतीवर नसलं की ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकावं लागतं. इथेही तेच ऐकावं लागलं. 4,60,000 मधले तीन लाख रोख दिले होते, त्यांचा माग नाही. उरलेल्या 1,60,000 च्या बँक व्यवहारात शेऱ्याच्या जागी मुलाने ‘ब्लॉक अकाउंट जर्मनी’ लिहिलं होतं. आज तक्रारीत सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. रोख देऊ नये. बँकेतून देताना शेऱ्यात कारण लिहावं. पावतीवर कोणत्या संस्थेला, कशासाठी, किती, हे मागून घ्यावं. जीएसटी क्रमांक छापलेला असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर त्याच नावाचा आहे का पाहावं.

पैसे गेल्याचं कळलं की पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, त्याच दिवशी. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि अजून पुढच्या खात्यात असतील तर ते गोठवता येतात; दिवस गेले की ती शक्यता संपत जाते. मग जवळच्या ठाण्यात तक्रार. एजंट दुसऱ्या तालुक्यातला असला तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318, विश्वासघाताचं 316, बनावट कागद खरा म्हणून वापरण्याचं 340. अर्जात बनावट पुष्टीपत्र आणि प्रवेशपत्राचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करावा, म्हणजे ‘दिवाणी बाब’ म्हणणं अवघड जातं. सोबत जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा खुला असतो. दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवरून, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. संभाषण निर्यात करून ठेवावं आणि तो फोन विकू नये.

पैशापेक्षा मोठं नुकसान व्हिसाच्या अर्जाचं आहे. अर्जावर सही मुलाची. जोडलेले कागद खरे आहेत असं त्याने लिहून दिलं आहे. ते एजंटने बनवले हे वकिलातीच्या नोंदीत आपोआप येत नाही. पूर्वी नकारावर वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे. जुलै 2025 पासून जर्मनीने तो बंद केला. आता नवा अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दावा, दोनच वाटा. नव्या अर्जात आधीचा नकार लपवायचा नाही. तक्रारीची प्रत इंग्रजी भाषांतरासह जोडायची आणि काय घडलं ते एका पानात सरळ लिहायचं.

जे खरोखर पोचतात त्यांना खोलीच्या बाबतीत सावध राहावं लागतं. घरमालक ‘मी सध्या परदेशी आहे, अनामत पाठवा, चावी कुरिअरने येईल’ म्हणाला की तिथेच थांबावं. खोली लाइपझिगची आणि आयबॅन दुसऱ्याच देशाचा, ही मोठी खूण. कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देता येते. घरमालक राहण्याचा दाखला देणार आहे ना, हे आधी लेखी विचारावं, कारण राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि दाखल्याशिवाय नोंदणी होत नाही. पहिले काही आठवडे वसतिगृहात किंवा ओळखीच्यांकडे काढून, खोली डोळ्यांनी बघून मगच पैसे द्यावेत.

देवगडचा मुलगा आता स्वतः अर्ज करतो आहे, स्वतःच्या ईमेलवरून. एपीएस खरं असल्याने ते पुन्हा काढावं लागलं नाही. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम उभी करायला काकांची वारस नोंद तलाठ्याकडे घातली आहे, मुंबईच्या चौघांची संमती गणपतीत सगळे एकत्र आले की घ्यायची आहे. कलमं अजून दोन हंगाम खंडकऱ्याकडे आहेत.