बाथरूमचा रंग: अकरा महिने आणि एक पावसाळा उलटल्यावर

रंग लावून आठ दिवसांत लिहिलेले अनुभव मी भरपूर वाचले होते. सगळ्यांना आपापला रंग आवडलेलाच असतो. मलाही आवडला होता. म्हणून मुद्दाम थांबलो. मागच्या दिवाळीआधी काम झालं, उन्हाळा गेला, डोंबिवलीचा अख्खा पावसाळा गेला, आता गणपती झाल्यावर लिहायला बसलोय.

आमची बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. बाथरूम दोन, दोन्ही 4 बाय 6 फुटांची. टाइल्स 5 फुटांपर्यंत, क्रीम रंगाच्या, वरती चॉकलेटी पट्टी. त्या बदलायचं बजेट नव्हतं, त्यामुळे रंगाचा प्रश्न होता तो वरच्या चार फूट भिंतीचा आणि स्लॅबचा. बाहेरच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या पाइपांच्या अरुंद पोकळीत उघडते, तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. बेडरूमच्या बाथरूमला पूर्वेचं ऊन येतं.

पहिली चूक दुकानातच झाली. ट्यूबलाइटखाली शेडकार्ड पसरून बाहेरच्या बाथरूमसाठी फिकट पिस्ता निवडला. कार्डावरचा चौकोन काडेपेटीएवढा. तोच रंग चारही भिंतींना लागला की भिंती एकमेकींवर उजेड फेकतात आणि रंग कार्डापेक्षा दुप्पट चढतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्यात आमचा बल्ब 6500 केल्विनचा, पांढराफेक. त्या उजेडात भिंत सरकारी दवाखान्याची वाटायला लागली, शेजारच्या क्रीम टाइल्स मळकट पिवळ्या दिसायला लागल्या आणि दाढी करताना आरशातला माणूस कावीळ झालेला. आठ दिवस सोसलं, मग पेंटरला परत बोलावलं. तसं नुकसान फार नाही. खिडकी-दरवाजा सोडून भिंत जेमतेम 65 चौरस फूट भरते, एक लिटर इमल्शनमध्ये (पाणी घालून लावायच्या प्लास्टिक रंगात) दोन हात होतात. पैसे गेले ते मजुरीचे.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो होतो. तीन शेड्सचे सगळ्यात लहान डबे आणले, ड्रॉइंग पेपरवर दोन-दोन हात मारले, रात्रभर वाळू दिले. इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं, वाळल्यावर थोडं गडद होतं, त्यामुळे ओल्यावर मत देऊ नये. सकाळी ते कागद टाइलला चिकटवून बघितले, एकदा जुन्या बल्बखाली, एकदा 4000 केल्विनच्या, म्हणजे जरा पिवळसर उजेडाच्या. गंमत म्हणजे शुद्ध पांढरा क्रीम टाइलशेजारी निळसर दिसला, अगदी नीळ जास्त झालेल्या शर्टासारखा. शेवटी जो ठरला त्याला कार्डावर काहीतरी गोंडस नाव होतं. आमच्या घरात त्याला ज्वारीचं पीठ म्हणतात, आणि तो तसाच आहे. बल्बही बदलला. खरं सांगायचं तर निम्मा फरक त्या बल्बनेच पडला.

बेडरूमच्या बाथरूमसाठी लेकीने मोरपंखी मागितला. गडद, हलकी चमक असलेला. पहिल्या आठवड्यात जो येईल त्याला ते बाथरूम दाखवायला नेत होतो. मग भिंतीवर पिवळसर, चिकट ओघळ दिसायला लागले. पेंटर म्हणाला, "तुमच्या गीझरच्या पाण्याचा दोष." पाण्याचा नव्हता. इमल्शनमध्ये साबणासारखे काही घटक असतात. रंग नीट पक्का व्हायच्या आत त्याला वाफ लागली की ते वर येतात आणि ओघळतात. आम्ही एक रात्र वाळवून दुसऱ्या दिवशी कडकडीत पाण्याने आंघोळी केल्या होत्या. रंग हाताला कोरडा लागला तरी पुरता पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात. ओल्या फडक्याने तीन-चारदा पुसल्यावर ओघळ थांबले. ज्वारीच्या पिठावरही ते आलेच असणार, पण दिसले कोणाला?

इथेच मला खरी गोष्ट कळली, जी दुकानदार सांगत नाही. आपल्या बाथरूममध्ये घाण कुठल्या रंगाची पडते ते आधी बघावं, मग भिंतीचा रंग ठरवावा. आमच्या सोसायटीत वापराच्या पाण्यात बोअरचं क्षारांचं पाणी मिसळतात. लेक शॉवर घेते, शिंतोडे टाइलच्या वर जातात, वाळले की पांढरे ठिपके. मोरपंखीवर ते रांगोळीसारखे उठून दिसतात. एकदा चिडून स्क्रबरने घासले, तर ठिपके गेले आणि तिथे गुळगुळीत चकाकणारे चट्टे उरले. उरलेल्या रंगाचं टचिंग केलं, तेही ठिगळासारखं वेगळं दिसतं. बाहेरच्या बाथरूममध्ये आई बादली-तांब्याने आंघोळ करते, तिथे वर शिंतोडे जातच नाहीत. तिथली घाण काळी, म्हणजे बुरशी. ती फिकट भिंतीवर दिसते, पण दिसली म्हणून वेळेत कळली.

कळली ती स्लॅबवर. पेंटरने तिथे हॉलमधलं उरलेलं पांढरं डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा स्वस्तातला रंग, मारलं होतं. "वर कोण बघतंय?" म्हणाला, आणि मी मान डोलावली. जुलैच्या मध्याला खिडकीवरच्या कोपऱ्यात मोहरीएवढे काळे ठिपके आले, पंधरा दिवसांत ताटाएवढा पट्टा झाला. इमल्शनच्या भिंतीवर एक ठिपका नाही! पाणी घातलेल्या ब्लीचने पुसायला गेलो तर बुरशीबरोबर डिस्टेंपरही फडक्यावर आलं. (ब्लीच वापरताना खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो.) मग स्लॅब खरवडला, लांबी (पुट्टी) भरून प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा हात, मारला, त्यावर भिंतीचंच इमल्शन चढवलं, आणि खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवला. आंघोळीनंतर वीस मिनिटं चालतो. अजून तरी ठिपके परत आलेले नाहीत.

आईचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, "न्हाणीघराला चुना मारतात, रंग कसले लावता?" गावी दरवर्षी दिवाळीआधी चुन्यात थोडी नीळ घालून हात मारायचे. मी हसलो होतो, पण तिचं चुकत नव्हतं. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, बुरशीला तो मानवत नाही. आता जुन्या इमल्शनवर चुना धरणार नाही, पोपडे निघतील, नाहीतर तिचं ऐकलं असतं.

चमकेबद्दल एवढंच की फार चकचकीत फिनिश घेऊ नका, विशेषतः खिडकीतून तिरका उजेड येत असेल तर. लांबी कुठे जाड, कुठे पातळ भरली आहे ते सगळं सकाळच्या उन्हात दिसतं. हलकी चमक पुरते, पुसायलाही बरी.

आणि वरच्या फ्लॅटमधून ओल येत असेल तर शेडकार्ड मिटून ठेवा, आधी ती गळती काढा. आमच्या खालच्यांनी दोनदा रंग लावून बघितला, दोन्ही वेळा पोपडे.

बाहेरचा ज्वारीचं पीठ मी परत तोच घेईन, डोळे मिटून. मोरपंखी मात्र फक्त दाराच्या वरच्या भिंतीला ठेवायचा आणि बाकी तीन भिंती फिकट करायच्या असं माझ्या मनात होतं. दिवाळी जवळ आली म्हणून परवा लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, भिंत तूच पुसतोस ना? मग राहू दे की." दारामागच्या खिळ्याला आता एक सुती फडकं कायमचं अडकवलेलं आहे.