दंड बँकेला की कैद माणसाला?
२०२० मध्ये जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेने मौल्यवान धातू आणि अमेरिकी सरकारी रोख्यांच्या बाजारातल्या हेराफेरीपोटी ९२ कोटी डॉलर भरले. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण त्या वर्षीचा नफा होता सुमारे २९ अब्ज डॉलर; म्हणजे जेमतेम बारा दिवसांची कमाई गेली, तीही भागधारकांची. याच बँकेने २०१५ मध्ये चलनबाजारातल्या संगनमताचा गुन्हा कबूल केला होता. तरी धातूंमधली हेराफेरी २०१६ पर्यंत चालूच होती. याला धाक म्हणायचं?

दुसरा मार्ग, माणसाला धरण्याचा. ही हेराफेरी अशी: विक्रीची मोठी ऑर्डर पडद्यावर टाकायची, भाव घसरला की स्वस्तात उचलायचं आणि ती ऑर्डर क्षणात रद्द करायची. ते बटण कुणीतरी एक माणूस दाबतो. धातू विभागाच्या माजी प्रमुखाला २०२३ मध्ये एक वर्ष एक दिवस, तर त्याच्या एका ट्रेडरला दोन वर्षं कैद झाली. हे दिवस बँकेला भरता येत नाहीत.

यातही धोका आहेच. लायबोर, म्हणजे बँकांच्या आपसातल्या कर्जाचा व्याजदर, त्यातल्या हेराफेरीच्या प्रकरणात तुरुंग भोगलेल्या ट्रेडरची दोषसिद्धी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केली. गेलेली वर्षं त्याला कोण देणार? तरीही माझा कौल दुसऱ्या मार्गालाच, फक्त चौकशी ट्रेडरपाशी न थांबता त्याचा बोनस मंजूर करणाऱ्यापर्यंत गेली पाहिजे.